जर्मनीत गाडी चालवायची आहे : खान्देशातून येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून जर्मनीत येणाऱ्या मुला-मुलींचे फोन मला गेली काही वर्षं येत आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून शिकायला येणाऱ्यांबरोबर नर्सिंगवाले आणि आयटीआय झालेले लोकही विचारू लागले. गाडीबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

मी यावल तालुक्यातला. काकांच्या जीपवर, केळीच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्यावर गाडी शिकलो आणि आता श्टुटगार्टजवळ राहतो. दंडाचे आणि फीचे आकडे बदलत असतात, त्यामुळे प्रत्यक्ष अर्ज कराल तेव्हा आपल्या शहराच्या कार्यालयाकडून ते एकदा ताडून घ्या.

माझं भारताचं लायसन तिथे चालतं का?

चालतं, पण फक्त सहा महिने. तुम्ही जर्मनीत राहायला लागलात त्या दिवसापासून हे सहा महिने मोजतात. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, कधी केली ते कागदावर असतंच, त्यामुळे तारखेवरून वाद घालायला जागा राहत नाही. तुमचा मुक्काम मुळात बारा महिन्यांपेक्षा कमी आहे हे दाखवता आलं तर अर्ज करून मुदत वाढवून मिळू शकते. कायमचे आलेल्यांना ही वाढ नाही.

सहा महिन्यांनंतर त्याच लायसनवर गाडी चालवली तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. आपल्याकडे पावती फाडून माणूस पुढे निघतो, तसं इथे होत नाही. कायद्यात दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. त्यात अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्याकडूनही पैसे वसूल करायला येते.

पारोळ्याकडचा एक मुलगा आठव्या महिन्यात मित्राची गाडी चालवताना तपासणीत सापडला. खिशात भारतातून काढलेला एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना होता आणि त्यावर वर्षभर चालतं अशी त्याची पक्की समजूत होती. व्हिसा वाढवायच्या वेळी ते प्रकरण त्याला किती जड गेलं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो : पोहोचलात त्या दिवशी मोबाइलमध्ये सहाव्या महिन्याची तारीख टाकून ठेवा, आणि सहाव्या महिन्याची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात कामाला लागा.

मग आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा की नाही?

काढून ठेवायला हरकत नाही. आरटीओकडे अर्ज केला की मिळतो, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो आणि तो एक वर्ष चालतो. पण तो स्वतंत्र परवाना नाही. मूळ लायसन सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे आणि सहा महिन्यांची मुदत त्याने एक दिवसही वाढत नाही. जर्मनीत त्यावर विसंबू नका. लायसनचं जर्मन भाषांतर करून घ्या. आडाक हा इथला मोठा मोटार क्लब ते करून देतो, किंवा शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेता येतं. पुढे लायसन बदलायच्या अर्जालाही तेच भाषांतर लागतं.

घरून निघण्याआधी काय करून निघू?

लायसनची मुदत बघा. मुदत संपायच्या आधी एक वर्षापर्यंत नूतनीकरण करता येतं, तेव्हा वर्षभरात संपणारं असेल तर निघण्याआधीच उरकून घ्या. जुनं पुस्तकासारखं लायसन असेल तर स्मार्ट कार्ड करून घ्या.

मग नाव बघा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गाळलेलं असा प्रकार सर्रास असतो. इथल्या कारकुनाला ती तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच लायसनवर करून घ्या. जळगावच्या आरटीओत एक चक्कर पडेल, पण इथून हे करायला सहा महिनेही पुरत नाहीत.

आणखी एक. ‘आत्ता वेळ नाही, दिवाळीच्या सुट्टीत येऊन लायसन काढतो’ असं म्हणणारे दरवर्षी भेटतात. जर्मनीत राहायला लागल्यानंतर सुट्टीत जाऊन काढलेलं लायसन इथे धरत नाहीत. ते तुम्ही भारतात राहत असताना निघालेलं असायला हवं. गाडी येत असेल आणि लायसन नसेल तर निघण्याआधी रीतसर परीक्षा देऊन काढा. गाडी येत नसेल तर मात्र केवळ कार्ड खिशात असावं म्हणून काढू नका, कारण इथली परीक्षा तुम्हालाच द्यायची आहे.

भारताचं लायसन देऊन जर्मन लायसन थेट मिळतं का?

नाही. काही देशांची लायसन्स इथे परीक्षेविना बदलून मिळतात, पण त्या यादीत भारत नाही. लेखी आणि गाडीवरची, दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. सवलत एकच आहे : नवशिक्यांना सक्तीचे असलेले वर्ग आणि तास तुम्हाला सक्तीचे नाहीत. ही सवलत मोठी आहे, त्यात बरेच पैसे वाचतात.

अर्ज लायसन कार्यालयात करायचा, त्याला फ्युररशाईनश्टेले म्हणतात. लायसन आणि भाषांतर, पासपोर्ट, पत्त्याची नोंद, बायोमेट्रिक फोटो, डोळे तपासल्याचा दाखला, प्रथमोपचार वर्गाचं प्रमाणपत्र आणि तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव एवढं लागतं. डोळे चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत तपासून होतात. प्रथमोपचाराचा वर्ग एका दिवसाचा, ४५ मिनिटांचे नऊ तास. मोठ्या शहरांत तो इंग्रजीतही मिळतो. कागद दिल्यावर मंजुरी यायला कित्येक आठवडे जातात आणि मंजुरीशिवाय परीक्षा नाही. सहा महिने कुठे जातात ते इथे कळतं.

मुदत उलटून गेली असेल तरी घाबरू नका. अर्ज तेव्हाही करता येतो आणि सवलतही राहते. फक्त नवं लायसन हातात पडेपर्यंत चाकामागे बसायचं नाही.

लेखी परीक्षा अवघड असते का?

आपल्याकडची लर्निंगची परीक्षा डोक्यात ठेवून गेलात तर नापास व्हाल. प्रश्न ३०. चुकलेल्या प्रश्नाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे २ ते ५ दोषगुण पडतात आणि १० च्या वर गेलात की नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० होऊनही नापासच. एका प्रश्नाला दोन किंवा तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, आणि त्यातलं एक राहिलं तर पूर्ण प्रश्न चुकला. काही प्रश्नांत छोटा व्हिडिओ असतो, काहींत आकडा स्वतः लिहायचा असतो.

परीक्षा जर्मनशिवाय १२ भाषांत देता येते. त्यात इंग्रजी आहे, हिंदी-मराठी नाही. प्रश्नसंच १००० हून अधिक प्रश्नांचा आहे आणि मोबाइल अॅपवर तो पूर्ण मिळतो. माझा अनुभव सांगतो : रोज कामावरून आल्यावर पाऊण तास, असे सहा आठवडे केले. पाठांतर करू नका, कारण क्रम आणि चित्रं बदलून येतात. चित्रातल्या चौकात आपण स्वतः उभे आहोत असं समजून उत्तर द्या.

लेखी पास झाल्यावर १२ महिन्यांत गाडीवरची परीक्षा व्हायला हवी, नाहीतर लेखी पुन्हा.

मला वीस वर्षांचा अनुभव आहे. ड्रायव्हिंग स्कूल कशाला?

परीक्षा स्कूलच्याच गाडीत, त्यांच्याच शिक्षकाला शेजारी बसवून द्यावी लागते, म्हणून नाव घालावंच लागतं. तास किती घ्यायचे ते तुमच्यावर आहे. ४५ मिनिटांच्या एका तासाला साधारण साठ-सत्तर युरो पडतात, शहरानुसार कमी-जास्त. अनुभवी माणसानेही आठ-दहा तास घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. अनुभव आड येतो म्हणून सांगतो. आपला हात आणि डोळा जळगाव-भुसावळ रस्त्यावर तयार झालेला असतो. समोरच्याची नजर बघायची, मोकळी जागा दिसली की शिरायचं, कोणीही कुठूनही येईल हे गृहीत धरायचं. ते कसब खोटं नाही, त्यानेच आपण तिथे जिवंत राहतो. पण इथे समोरचा तुमच्याकडे बघतच नाही. तुम्ही नियमाप्रमाणेच वागणार हे धरून तो ५० च्या वेगाने येतो. आपण ‘जमवून घेतलं’ तर तो थेट आपल्यावर येतो.

गाडीवरच्या परीक्षेत लोक कशाने नापास होतात?

मी पहिल्यांदा नापास झालो ते सांगतो. परीक्षा एकूण ५५ मिनिटांची असते. सुरुवातीला टायर, दिवे, ऑइल याबद्दल काही विचारतात, मग गावातून आणि बाहेरून गाडी चालवायला लावतात. परीक्षक मागे बसतो. माझी चाळीस मिनिटं चांगली गेली. मग घरांच्या वस्तीत, ३० च्या झोनमध्ये, उजवीकडून एक अरुंद गल्ली येत होती आणि कोपऱ्यावर कुंपणाची उंच झाडी होती. माझा रस्ता रुंद, गल्ली छोटी, म्हणून मी सरळ निघालो. गल्लीतून एक बाई गाडी घेऊन आल्या, न थांबता, कारण हक्क त्यांचा होता. माझ्या शिक्षकाने ब्रेक दाबला. शिक्षकाला ब्रेक दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते.

दुसरं कारण शुल्टरब्लिक, म्हणजे मान वळवून खांद्यामागे बघणं. लेन बदलताना, वळताना, कडेवरून निघताना आरसा बघितला तरी मान वळवलीच पाहिजे, आणि ती वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे. आपल्याला ही सवय अजिबात नसते.

सूचना जर्मनमध्ये असतात. लिंक्स म्हणजे डावीकडे, रेख्ट्स म्हणजे उजवीकडे, गेराडेआउस म्हणजे सरळ, एवढं झोपेतही कळायला हवं. ऑटोमॅटिकवर परीक्षा देणार असाल तर लायसनवर काय बंधन येईल ते स्कूलमध्ये आधीच विचारा.

चौकात आधी कोणी जायचं?

ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. रेख्ट्स फोर लिंक्स, उजवा आधी. रस्ता मोठा की छोटा, गाडी ट्रक आहे की बारकी मोटार, याला काही किंमत नाही. आपल्याकडे केळीचा भरलेला ट्रक आला की सगळे आपोआप थांबतात, तो हिशोब विसरा.

मुख्य रस्त्यावर पिवळ्या रंगाचा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी असते. ती आहे तोवर हक्क तुमचा. उलटा त्रिकोण दिसला तर समोरच्याला जाऊ द्या. आठ कोनांची लाल थांबा पाटी असेल तर रस्ता ओसाड असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. गोल चौकात पाटी असेल तर आत असलेल्याचा हक्क. आत शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना उजवा द्यायचा.

आपल्याकडे ‘फ्री लेफ्ट’ असतं, तसं तिथे लाल दिव्यावर उजवीकडे जाता येतं का?

नाही. सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण रंगवलेला असेल तरच, आणि तेव्हाही आधी पूर्ण थांबून, सगळ्यांना जाऊ देऊन. लाल दिवा तोडला तर ९० युरो आणि एक पॉइंट, म्हणजे तुमच्या नावावर दोषाची नोंद. लाल होऊन एका सेकंदाहून जास्त वेळ झाला असेल तर २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी.

उजव्या बाजूने चालवायची सवय किती दिवसांत होते?

दोन-तीन दिवसांत हात बसतो. पहिल्या दिवशी इंडिकेटर द्यायला जाल आणि वायपर फिरतील, कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या उलट इथे दांड्या असतात. खरा धोका नंतर येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोकं निर्धास्त झालं की रिकाम्या रस्त्यावर, पहाटे, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना माणूस नकळत डाव्या बाजूला जातो. पंपातून, पार्किंगमधून, एकेरी रस्त्यातून बाहेर पडताना स्वतःशी मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणा. मी वर्षभर म्हणत होतो. पायी रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडे बघायचं, कारण जवळची गाडी तिकडून येते.

हॉर्न आणि डिपर?

कन्नडच्या घाटात वळणावर हॉर्न दिला नाही तर समोरचा वैतागतो. इथे गावात हॉर्न फक्त धोका असेल तर. सिग्नल हिरवा झाला म्हणून पुढच्याला हॉर्न देणं म्हणजे त्याला शिवी देण्यासारखं आहे.

डिपरचं मात्र नीट लक्षात ठेवा, यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर त्याचा अर्थ ‘मी येतोय, तू थांब’. इथे लोक बहुतेक वेळा तो ‘तुम्ही जा’ म्हणून देतात. तुम्ही आपल्या अर्थाने डिपर देऊन पुढे घुसलात आणि समोरचा त्याच्या अर्थाने पुढे आला, तर टक्कर ठरलेली. म्हणून मी डिपर देतच नाही. आणि मला कोणी दिला तर आधी त्याची गाडी खरंच थांबली का ते बघतो.

वेग किती ठेवायचा?

गावात ५०, गावाबाहेर १००, वस्तीत पाटीप्रमाणे ३०. गोम अशी की ५० ची पाटी बहुतेक ठिकाणी लावलेलीच नसते. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की ५० सुरू, त्याच नावावर लाल तिरकी रेघ मारलेली पाटी आली की संपलं. आपण गावाचं नाव वाचून पुढे जातो आणि तिथेच कॅमेरा फोटो काढतो. निळ्या पाटीवर खेळणारी मुलं आणि घर दिसलं तर चालत्या माणसाच्या वेगाने जायचं.

आउटोबानवर खरंच वेगाला मर्यादा नसते?

आउटोबान म्हणजे इथला द्रुतगती महामार्ग. त्याच्या बऱ्याच भागात सर्वसाधारण मर्यादा नाही, १३० चा वेग शिफारस म्हणून सांगितलेला आहे. पण बराच भाग पाट्यांनी बांधलेला असतो आणि ती पाटी मोडली की दंड.

वेगापेक्षा मला काळजी असते ती आत शिरण्याची. आपला माणूस जोडरस्त्याच्या टोकाला येऊन थांबतो आणि मोकळी जागा शोधतो. असं कधीही करू नका. तो लांब पट्टा वेग वाढवायलाच दिलेला आहे. तिथे ८०-१०० पर्यंत या, आरसा, खांद्यामागे नजर, आणि मिसळा.

उजव्या लेनमध्ये राहा, डावी फक्त ओव्हरटेकला. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. डावीकडे जाण्याआधी आरशात दिसणारी बारीक गाडी किती वेगाने मोठी होते आहे ते बघा, ती २०० ने येत असू शकते. थांबणं, रिव्हर्स घेणं, वळून परत जाणं अजिबात नाही. बाहेर पडायचा रस्ता चुकला तर पुढचा घ्या, भले वीस किलोमीटर जास्त पडोत.

आपल्या चौपदरीवर उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर आपण निमूटपणे चुकवतो. इथे एखादी गाडी उलटी आली तर रेडिओवर लगेच सूचना देतात. त्याला गाइस्टरफाहरर, भुताचा ड्रायव्हर म्हणतात. ती सूचना ऐकली की उजव्या लेनमध्ये या, वेग कमी करा, ओव्हरटेक करू नका.

गाड्या तुंबू लागल्या की रुग्णवाहिकेसाठी वाट करायची. सर्वांत डाव्या लेनमधले डावीकडे सरकतात, बाकी सगळे उजवीकडे. सायरन ऐकू यायची वाट बघायची नाही, वाहतूक मंदावली की लगेच. वाट ठेवली नाही तर किमान २०० युरो, दोन पॉइंट आणि महिनाभराची बंदी. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. शेकडो गाड्या कोणी न सांगता दोन बाजूंना झाल्या आणि मधून रुग्णवाहिका निघून गेली. आपल्या हायवेवर हे व्हावं असं मला मनापासून वाटतं.

सायकलवाले, पायी चालणारे, ट्राम?

झेब्रा पट्ट्यांशी माणूस उभा दिसला की थांबा. सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर, बाहेर दोन मीटर अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर तिच्या मागे शांत चला. उजवीकडे वळताना खांद्यामागे बघितलंच पाहिजे, कारण सरळ जाणारी सायकल तुमच्या आधी जाते. ट्राममधून लोक थेट रस्त्यावर उतरत असतील तर थांबा. स्कूलबस थांबून चारही इंडिकेटर लुकलुकत असतील तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी चालत्या माणसाच्या वेगाने जायचं.

बाळाला मांडीवर घेऊन बसलं तर?

नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलाला त्याच्या मापाची सीट हवी. वापरलेली घेणार असाल तर ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री करा.

दारू पिऊन?

कायद्यात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे. नव्या लायसनच्या परिवीक्षा काळात, म्हणजे सुरुवातीच्या परखण्याच्या काळात, आणि २१ वर्षांखालच्यांना शून्य. ०.५ ला किमान ५०० युरो, दोन पॉइंट, महिनाभर बंदी. गाडी डोलत असेल तर ०.३ लाही गुन्हा होऊ शकतो. माझं सांगणं एवढंच : प्यायची तर ट्रेनने या.

पोलिसाने अडवलं तर?

हात स्टिअरिंगवर ठेवा, काच खाली करा, कागद मागितल्यावर द्या. पैसे देऊन मिटवायचा विचारही मनात आणू नका, तो वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. बहुतेक दंड घरी टपालाने येतात. हातात मोबाइल धरला तर १०० युरो आणि एक पॉइंट. हे पॉइंट फ्लेन्सबुर्गमधल्या केंद्रीय नोंदीत जमा होतात आणि आठ झाले की लायसन जातं.

बर्फात गाडी कशी चालवायची?

आपल्याला ४५ अंशांच्या उन्हात तापलेलं स्टिअरिंग धरायचा अनुभव आहे, गोठलेल्या रस्त्याचा नाही. म्हणून पहिल्या हिवाळ्यात शक्यतो शिक्षकाबरोबर एक तास घ्या.

बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची कळी असलेलं चिन्हच लागतं. लोक ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर ठेवतात, तुम्हीही तसंच करा. सकाळी काचा पूर्ण खरवडून घ्या. समोर फक्त दोन बोटांचं भोक पाडून गाडी काढणं नियमाविरुद्ध आहे, आणि काचेवरचा बर्फ वितळावा म्हणून इंजिन चालू ठेवून उभं राहणंही चालत नाही. पुलावर आणि झाडांच्या सावलीत रस्ता आधी गोठतो. तिथे ब्रेक नको, वळण नको, पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढा.

पानगळीच्या दिवसांत संध्याकाळी रानातून हरणं रस्त्यावर येतात. एक दिसलं की मागून आणखी येणार. वेग कमी करा. अगदी समोर आलंच तर ब्रेक दाबून गाडी सरळ ठेवा. त्याला वाचवायला स्टिअरिंग फिरवलं तर झाडावर जाल.

पार्किंग?

गाडी वाहतुकीच्या दिशेनेच लावायची. काही ठिकाणी निळी पुठ्ठ्याची घड्याळ-पाटी काचेवर ठेवायला सांगितलेलं असतं. त्यावर आलेली वेळ नाही, त्यापुढचा अर्धा तास लावायचा. ९.१० ला आलात तर ९.३०. लाल कडेच्या निळ्या गोलात लाल फुली असेल तर थांबूही नका. एकच तिरकी रेघ असेल तर तीन मिनिटांपर्यंत, तेही गाडीजवळ राहून. अनेक शहरांच्या मध्यभागात शिरायला हिरवा पर्यावरण स्टिकर लागतो.

गाडी घ्यावीच का?

मोठ्या शहरात एकटे असाल तर पहिलं वर्ष घेऊ नका. डॉइचलांडटिकेट या मासिक पासवर देशभरातल्या लोकल गाड्या, बस, ट्राम चालतात. २०२३ ला तो ४९ युरोंत सुरू झाला, २०२५ ला ५८ झाला. गाडीचा नुसता विमाच नव्या माणसाला त्याहून महाग पडतो.

खेड्यात नोकरी असेल, पाळीचं काम असेल तर गाडी लागते. जुनी घेताना तांत्रिक तपासणी कधीपर्यंत आहे ते बघा. ती दर दोन वर्षांनी असते, अगदी नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी. विमा आधी, नोंदणी नंतर. नंबरप्लेटवर शहराची अक्षरं येतात, आपल्या एमएच-१९, एमएच-१८ सारखीच. श्टुटगार्टची एस पाहून मला अजूनही एमएच-१९ आठवते. गाडीत धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट ठेवणं बंधनकारक आहे.

कारच्या लायसनवर दुचाकी चालते का?

जर्मन कारच्या लायसनवर ५० सीसीपर्यंतची, ताशी ४५ किलोमीटरची दुचाकी चालते. मोठ्या मोटारसायकलला वेगळी परीक्षा आहे.

अपघात झाला तर?

आधी थांबा. चारही इंडिकेटर लावा, जाकीट घाला, मग उतरा. त्रिकोण साध्या रस्त्यावर सुमारे १०० मीटर, आउटोबानवर १५० मीटर किंवा जास्त मागे ठेवा. आउटोबानवर सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. कोणी जखमी असेल तर ११२, पोलिसांना ११०. जखमीला मदत न करणं हा गुन्हा आहे, म्हणून तो प्रथमोपचाराचा वर्ग मन लावून करा.

पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा गेला तरी निघून जायचं नाही. काचेवर चिठ्ठी ठेवून गेलेलेही पळून गेलेलेच धरतात. थांबा, मालक आला नाही तर पोलिसांना फोन करा. चूक कोणाची यावर रस्त्यात वाद घालू नका, फोटो काढा, विम्याचा तपशील घ्या.

आई-वडील तीन महिन्यांसाठी आले तर त्यांना गाडी चालवू द्यावी का?

ते इथे राहायला आलेले नसतात, पाहुणे असतात. त्यामुळे भारताचं चालू लायसन आणि भाषांतर यावर चालवू शकतात. पण आधी विमा कंपनीला कळवा. अनेक विम्यांत चालकांची नावं ठरलेली असतात आणि नाव नसलेल्याने चालवलं तर पैसे अंगावर येतात. माझ्या वडिलांनी पन्नास वर्षं ट्रॅक्टर चालवला आहे. आले तेव्हा चावी मागितली नाही. रोज सकाळी माझ्या शेजारच्या सीटवर बसायचे, उजवीकडची गल्ली माझ्याआधी त्यांना दिसायची आणि म्हणायचे, ‘थांब, कायजी घेजो, आला तो.’